वाघाला कुठं माहीत होतं!

हसू नका रे. सई, तू तर मुळीच हसू नकोस; तुझ्या वेळचे किस्से काढले तर तोंड लपवायला जागा मिळायची नाही. चिनूनं आत्ता जत्रेची गोष्ट सांगितली, ती नीट ऐकलीत का? "फुगा. भूभू आला. पाळणा वर वर. बाबा ओरडले. फुगा नाही." संपली. आता फुगा कुत्र्यानं फोडला की पाळण्यात हातातून सुटला? बाबा ओरडले ते कुत्र्यावर, चिनूवर की पाळणेवाल्यावर? काही पत्ता नाही. पण जे काल घडलं आणि आज इथं नाही, ते या एवढ्याशा पोरानं तुमच्यापुढं आणून मांडलं. मधमाशी नाच करून फुलं कुठं आहेत ते सांगते, किती लांब तेही सांगते. पण काल फुलावर बसताना आपली काय फजिती झाली, ते काही ती पोळ्यात येऊन सांगत नाही. हा उद्योग माणसाच्या पोराचा. आणि त्यासाठी त्याला कुणी शिकवणी लावलेली नसते.

मग ते येतं कुठून? सांगतो. ओंकार, आधी तो टीव्ही बंद कर.

अमेरिकेत एमिली नावाची एक मुलगी होती, पावणेदोन वर्षांची. रात्री बाबा तिला झोपवून बाहेर गेले, की ही बिछान्यात एकटीच बडबडत पडायची. आईबाबांनी तिथं टेपरेकॉर्डर ठेवला. ती तीन वर्षांची होईपर्यंत अधूनमधून ही बडबड टेप होत राहिली. कॅथरीन नेल्सन नावाच्या मानसशास्त्रज्ञ बाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती ऐकली, उतरवून काढली, आणि १९८९ साली त्यावर अख्खं पुस्तक निघालं. बाबांशी बोलताना एमिली जेवढं सांगायची, त्याहून एकटीनं बोलताना कितीतरी जास्त आणि जुळवून सांगायची. त्याच काळात तिला भाऊ झाला. घरात केवढी उलथापालथ! पण ही अंधारात बोलते कशाबद्दल? सकाळी कोण उठवणार, पाळणाघरातून न्यायला कोण येणार, आधी काय आणि नंतर काय.

म्हणजे मूल आधी रोजच्या दिवसाची घडी बसवतं. ती बसली, की मगच विस्कटलेली कळते. रोज बाबा न्यायला येतात हे पक्कं ठाऊक असेल, तरच "आज बाबा आलेच नाहीत" ही गोष्ट होते.

आता बेडकाची गोष्ट. मर्सर मेयर नावाच्या अमेरिकी चित्रकारानं १९६९ साली एक छोटं पुस्तक काढलं. त्यात गोष्टीचा एकही शब्द नाही, नुसती २४ चित्रं. एका मुलानं बरणीत बेडूक ठेवलाय. रात्री मुलगा आणि त्याचा कुत्रा झोपले, की बेडूक हळूच पसार. सकाळी बरणी रिकामी! दोघं शोधायला निघतात. कुत्रा बरणीत डोकं घालतो, ते अडकतं, खिडकीतून खाली पडतो, बरणी फुटते. पुढं रानात मुलगा एका बिळात डोकावतो, तर आतलं जनावर नाकाला चावतं. कुत्रा पोळं पाडतो, माश्या त्याच्या मागं लागतात. ढोलीतून घुबड बाहेर येतं.

हे पुस्तक भाषाशास्त्रज्ञांच्या हाती लागलं आणि त्यांनी त्याचं सोनं केलं. रूथ बर्मन आणि डॅन स्लोबिन यांनी हीच चित्रं इंग्रजी, जर्मन, स्पॅनिश, हिब्रू आणि तुर्की बोलणाऱ्यांसमोर ठेवली. तीन, चार, पाच आणि नऊ वर्षांची मुलं, शिवाय मोठी माणसं. सगळ्यांना एकच सांगणं: ही गोष्ट सांगा. १९९४ साली त्याचं जाडजूड पुस्तक झालं.

तीन वर्षांची मुलं प्रत्येक चित्र सुटं सांगतात. हा मुलगा, हा कुत्रा, हा पडला. पान उलटलं की मागचं पान संपलं. पाच वर्षांची मुलं "मग... मग..." करत घटना एकामागून एक लावतात. पण बिळात कशाला डोकावला, हे बऱ्याचदा राहून जातं. नऊ वर्षांच्या मुलाच्या हातात धागा असतो: बेडूक हरवलाय, तो शोधायचाय, आणि बीळ, ढोली, दगड सगळं त्यासाठी चाललंय.

यातलं एक चित्र मला फार आवडतं. मुलगा दगडावर चढून बेडकाला हाका मारतोय आणि आधाराला दोन वाळक्या फांद्या धरल्यात. पुढच्या चित्रात त्या फांद्या उठतात! त्या फांद्या नसतातच, दगडामागं असलेल्या हरणाची शिंगं असतात. आता तीन वर्षांच्या मुलाला विचारा. तो म्हणेल, "हरीण. हरणावर मुलगा." डोळ्याला दिसतं तेवढंच त्यानं सांगितलं, आणि खोटं काहीच सांगितलं नाही. पण "त्याला वाटलं फांद्या आहेत" हे वाक्य चित्रात कुठं आहे? कुठंच नाही. ते मुलाच्या डोक्यात आहे, आणि सांगणाऱ्याला त्या डोक्यात शिरावं लागतं. माझ्या मते खरी गोष्ट इथून सुरू होते.

हे डोक्यात शिरणं कधी जमतं, ते ऑस्ट्रियातल्या साल्झबर्गमध्ये दोघांनी तपासलं. हाइन्झ विमर आणि योसेफ पर्नर, साल १९८३. मुलांना त्यांनी मॅक्सीची गोष्ट सांगितली. मॅक्सी चॉकलेट निळ्या कपाटात ठेवून खेळायला जातो. आई केकसाठी त्यातलं थोडं घेते आणि उरलेलं हिरव्या कपाटात ठेवते. मॅक्सी परत आला. चॉकलेट कुठं शोधेल?

"निळ्या!" बरोबर, सई. पण चिनूला विचार. बघ, हिरवं म्हणतो. का? तर चॉकलेट हिरव्यात आहे म्हणून! आपल्याला माहीत आहे ते मॅक्सीला माहीत नाही, हे त्याच्या गावीच नाही. त्या प्रयोगातही तीन-चार वर्षांची बहुतेक मुलं अशीच चुकली आणि सहाच्या पुढची बहुतेक बरोबर आली. मधली दोन-तीन वर्षं म्हणजे डोक्यात चाललेला केवढा मोठा कारखाना असेल, विचार करा.

साल्झबर्गचं कौतुक आहेच, पण हाच प्रयोग आपल्या आज्यांनी कधीचा भोपळ्यात बसवून ठेवलाय. लेकीकडून जाडजूड होऊन निघालेली म्हातारी भोपळ्यात बसते. वाटेत वाघ टपलेला. तो त्या भोपळ्यालाच विचारतो, म्हातारी दिसली का? मी ही गोष्ट सांगतो तेव्हा चिनू हसतो ते टुणुक टुणुक ऐकून. सई हसते ते वाघाला बघून. म्हातारी आत आहे हे सईला माहीत आहे, आणि वाघाला कुठं माहीत आहे! एकच गोष्ट, एकाच पंक्तीला बसून ऐकलेली, आणि दोघं वेगळ्या ठिकाणी हसतात. चिनू वाघाला हसायला लागला की मला सांगा. तो दिवस दात आल्याच्या दिवसाइतकाच मोठा मानायला हवा, पण त्याची नोंद कुणी ठेवत नाही.

ओंकार विचारतोय, मुलं खऱ्या आयुष्यातल्या गोष्टी सांगायला कधी शिकतात? त्याचाही छडा लावलाय. कॅरोल पीटरसन आणि अलिसा मॅककेब या दोघींनी साडेतीन ते साडेनऊ वर्षांच्या ९६ मुलांकडून गोष्टी काढल्या. नुसतं "सांग ना" म्हटलं तर पोरं गप्प बसतात, पाहुण्यांसमोर तुम्ही बसता तशी. म्हणून त्या आधी आपलाच एखादा किस्सा सांगायच्या, दवाखान्यात जावं लागल्याचा, कुठं तरी लागल्याचा, आणि मग विचारायच्या, तुला कधी असं झालं का? की पोरांचा बांध फुटलाच. चार वर्षांची मुलं मधले दुवे गाळून या प्रसंगावरून त्या प्रसंगावर उड्या मारत होती. पाच वर्षांची बरीचशी मुलं सगळं नीट सांगत आणत, पण ऐन रंगात आली की तिथंच थांबत: पडलो, रक्त आलं, बस! पुढं टाके पडले की नाही, घरी कोण घेऊन गेलं, काही नाही. सहाव्या वर्षाच्या सुमाराला आधी काय, कळस कुठं, पुढं काय झालं, अशी पुरी गोष्ट येऊ लागली.

सगळी मुलं हे सारख्याच चांगल्या रीतीनं शिकतात असं मात्र नाही. पीटरसनबाईंनीच पुढं कॅनडात न्यूफाउंडलंडला आणखी एक प्रयोग केला. साडेतीन वर्षांच्या आसपासच्या मुलांच्या २० गरीब आया. त्यातल्या निम्म्यांना वर्षभर एवढंच शिकवलं, की मूल झालेलं काही सांगायला लागलं तर घाई करू नका. "हो का नाही" असे प्रश्न सोडा; "कुठं, कसं, का" विचारा. त्यानं काढलेल्या विषयालाच धरून राहा. वर्ष संपलं तेव्हा त्यांच्या मुलांचे शब्द वाढले होते. गोष्टीतला फरक मात्र आणखी वर्षभरानं दिसला. ती मुलं जास्त लांब गोष्टी सांगत होती आणि कुठं घडलं, केव्हा घडलं, हे ऐकणाऱ्याला समजेल असं सांगत होती.

आपल्याकडं गोष्ट ऐकणाऱ्यानं हुंकार द्यायचा, ही जुनी रीत. मी तुमच्याएवढा होतो तेव्हा मला वाटायचं, आपण झोपलो नाही हे आजीला कळावं म्हणून ती हुंकार मागते. ते तर असेलच. पण खरी गंमत उलट्या बाजूनं आहे: पोरगं सांगत असताना मोठ्यानं हुंकार द्यावा. तो द्यायचा सोडून आपण शाळेत काय करतो? गोष्ट संपली रे संपली की "तात्पर्य लिहा". पोरगं अजून बिळापाशी असतं आणि त्याच्याकडून आपण वाण्यासारखा हिशेब मागतो. मला हा प्रकार कधीच पटला नाही.

बरं, बेडकाच्या पुस्तकातलं शेवटचं सांगायचं राहिलं. हरीण मुलाला कड्यावरून पाण्यात टाकतं. ओंडक्यापलीकडून आवाज येतो. मुलगा कुत्र्याला गप्प करून वर चढून बघतो, तर पलीकडं बेडकांची जोडी आणि त्यांची पिल्लं. शेवटच्या चित्रात मुलगा हातात एक बेडूक घेऊन घरी निघालाय आणि वळून बाकीच्यांना हात हलवतोय. मग सांगा, हातातला तो बेडूक कोण?

"तोच की, हरवलेला," ओंकार म्हणतो. सईला पटलेलं दिसत नाही. तिचं म्हणणं, जुन्या बेडकाला आता पोरंबाळं झालीत, तो कशाला बरणीत येईल; हे त्याचं पिल्लू असणार. मग त्याच्या आईला वाईट नाही का वाटणार? सई म्हणते, वाटलं असणार, पण मुलाला ते माहीत नव्हतं. ओंकार, मध्ये बोलू नकोस, तिला सांगू दे. हं, सई. मग? घरी गेल्यावर काय झालं?