दवण्याची ओळख

चैत्राचे ऊन तापू लागले, की भिवंडीच्या बाजारात मोगऱ्याच्या गजऱ्यांशेजारी एका करड्या-हिरव्या पाल्याच्या जुड्या दिसू लागतात. फुलांचा डौल त्यांना नाही की रंगाचा झगमगाट नाही. परंतु फुलवाल्याने जुडी नुसती हलविली, तरी गोड आणि किंचित उग्र असा दरवळ चहूकडे पसरतो. हाच दवणा. चैत्रात तो देवाला वाहण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. कोल्हापूरजवळ जोतिबाच्या डोंगरावर चैत्री पौर्णिमेस यात्रा भरते, तेव्हा गुलाल-खोबऱ्याबरोबर दवण्यालाही मान असतो.

जुडीतला दवणा कोणीही ओळखील. परंतु मोकळ्या जागी उगवलेले एखादे रोप दवण्याचेच आहे का, हे सांगणे तितके सोपे नाही. त्यासाठी एका खुणेवर विसंबून चालत नाही.

दवण्याचे झुडूप लहान, हात-दीड हात उंचीचे असते. त्याची पाने बारीक बारीक भागांत चिरलेली असतात. पानांवर व देठांवर पांढुरकी लव असते आणि तिच्यामुळेच सारे झुडूप राख भुरभुरल्यासारखे करडे दिसते. ही लव नुसती शोभेची नव्हे. ती उन्हाचा काही भाग परतवून लावते व पानातील ओलावा झटकन उडून जाऊ देत नाही. फुलांचे गेंद पिवळसर आणि इतके बारीक असतात, की दुरून ते फूल आहे असे वाटतही नाही.

दवण्याच्या वंशाला वनस्पतिशास्त्रज्ञ आर्टेमिसिया म्हणतात. हा वंश फार मोठा आहे. त्याचे काही भाऊबंद अमेरिकेच्या पश्चिम भागातील कोरड्या, खडकाळ मुलुखात राहतात. तेथे त्यांना सेजब्रश हे नाव आहे. त्यांतील एक ठेंगणे झुडूप आपल्या दवण्याएवढेच उंच असते. त्याचीही पाने करडी व सुगंधी. मात्र ती चिरलेली नसून टोकाशी रुंद होत जातात आणि टोकाला तीन दाते असतात.

आता गंमत अशी, की पुरुषभर उंच वाढणाऱ्या थोरल्या सेजब्रशच्या पानालाही असेच तीन दाते असतात, आणि वासही जवळजवळ तसाच! मग ओळखावे कसे? उंचीवरून म्हणावे, तर थोरल्याचे कोवळे रोपही ठेंगणेच. अशा वेळी जाणकार मनुष्य आधी पायांखाली पाहतो. थोरल्याला खोल माती लागते. ठेंगणा उथळ, दगडगोट्यांच्या जमिनीवर तग धरतो. कधी कधी पाने चुरडून पाण्यात टाकतात आणि ते पाणी अतिनील किरणांखाली धरतात. काही जातींचे पाणी निळसर चमकते, काहींचे चमकत नाही. एवढा खटाटोप उगीच नाही. वणव्यात जळालेले थोरले सेजब्रश मुळापासून पुन्हा फुटत नाही. तेथे नवे बी पेरावे लागते. त्या जमिनीला न मानवणाऱ्या जातीचे बी पडले, तर रोपे टिकत नाहीत आणि हिवाळ्यात याच पाल्यावर जगणाऱ्या पक्ष्यांची उपासमार होते.

इतक्या दूर कशाला? भिवंडीतही फसगत होऊ शकते. गोदामांच्या भिंतींलगत, खडीच्या ढिगाऱ्यांवर आणि रस्त्याच्या कडेला चिरलेल्या पानांचे एक रोप माजते. कोवळेपणी ते पाहून एखाद्यास दवण्याची आठवण व्हावी; परंतु ते असते गाजरगवत! हे मूळचे अमेरिकेतले. 1955च्या सुमारास पुण्यात त्याची नोंद झाली आणि पुढे ते देशभर पसरले. त्याच्या स्पर्शाने अनेकांच्या अंगाला खाज सुटते, पुरळ उठते. त्याचे पराग श्वासाबरोबर नाकात गेल्याने काहींना दम्याचाही त्रास होतो. 

म्हणून ओळख पटविताना क्रम महत्त्वाचा. पान चुरडून वास घ्यावा असे प्रत्येकास वाटते, पण ते काम सर्वांत शेवटी. आधी जागा पाहावी. दवणा आपल्याकडे मुद्दाम लावलेला असतो. ढिगाऱ्यावर तो आपोआप उगवलेला सहसा आढळत नाही. मग रंग पाहावा. गाजरगवतालाही बारीक लव असते, पण ते हिरवेच दिसते, राखेसारखे करडे नव्हे. नंतर उंची: गाजरगवत दवण्याला मागे टाकून कमरेपर्यंत, कधी त्याहूनही वर जाते. शेवटी फुले. गाजरगवताच्या शेंड्यांवर साबुदाण्यासारखे पांढरे गेंद दाटीने येतात. नीट न्याहाळले, तर प्रत्येक गेंदाच्या कडेला पाच इवल्या पाकळ्या दिसतात. दवण्याचे गेंद पिवळसर असतात आणि त्यांना अशी पांढरी किनार नसते.

एवढे पाहून रोप गाजरगवताचे ठरले, तर उघड्या हाताने त्याला शिवू नये. फुले येण्यापूर्वी, पावसाने माती मऊ झाली असताना, मोठ्या माणसांनी हातमोजे घालून ते मुळासकट उपटावे. फुलोरा आल्यावर उशीर होतो. एकेका रोपाच्या हजारो बिया वाऱ्यापाण्याबरोबर पुढच्या आवारात पोहोचतात.