बर्फाच्या पाण्यातलं बिऱ्हाड

अमेरिकेतल्या मोंटानात फेब्रुवारी म्हणजे भर हिवाळा. नदीकाठ बर्फाखाली, झाडं निष्पर्ण. अशात दुपारी ऊन पडलं, की काठच्या बर्फावर काळपट, जेमतेम सेंटिमीटरभर लांबीचे किडे तुरुतुरु चालताना दिसतात. पंख पाठीवर सपाट दुमडलेले, पण उडण्याकडे फारसा कल नाही. बाकीचे बहुतेक कीटक कुठेतरी दडून थंडी सरायची वाट पाहत असताना हे मात्र नदीतून बाहेर येऊन जोडीदार शोधत असतात. गडद रंगामुळे त्यांच्या अंगात कोवळं ऊनही चटकन मुरतं. हे हिवाळी स्टोनफ्लाय.

स्टोनफ्लायच्या साडेतीन हजारांहून अधिक जाती जगाला माहीत आहेत आणि त्यातल्या बहुतेकांना थंड, खळाळतं, गोट्यांवरून वाहणारं पाणीच लागतं. या हट्टामागे साधं कारण आहे, ते श्वासाचं. समुद्रसपाटीला शून्य अंश तापमानाच्या एक लिटर पाण्यात सुमारे १४.६ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो. पाणी २५ अंशांवर गेलं की हाच आकडा ८.३ च्या आसपास येतो. शिवाय पाणी तापलं की किड्याच्या शरीराची प्राणवायूची गरज वाढते. म्हणजे मागणी वाढते तेव्हाच पुरवठा आटतो.

स्टोनफ्लायची पिल्लं पाण्यातच वाढतात. जातीनुसार एक ते चार वर्षं. काहींच्या पायांच्या बुडाशी कल्ल्यांचे बारीक झुबके असतात, काही नुसत्या त्वचेतूनच श्वास घेतात. प्रवाह मंदावून प्राणवायू कमी पडला, की पिल्लू दगडाला घट्ट धरून अंग वरखाली करू लागतं, तालमीतल्या पैलवानानं जोर काढावेत तसं. त्या हालचालीनं ताजं पाणी अंगावरून फिरतं.

थंडी त्यांना अन्नही देते. शरदात काठावरच्या झाडांची पानं ओढ्यात पडतात, गोट्यांत अडकतात आणि त्यांच्यावर बुरशी धरू लागते. कोरडं पान निकस असतं. बुरशी लागली की ते मऊ आणि सकस होतं. मग पिल्लं त्याचा गर कुरतडतात, शिरांची जाळी तेवढी मागे राहते. त्यांच्या खाण्यातून सुटलेला चुरा आणि विष्ठा खालच्या अंगाला वाहत जाते, त्यावर गाळून खाणारे दुसरे कीटक जगतात. डोंगरातल्या ओढ्यावर दाट सावली असेल, तर शेवाळ फारसं वाढत नाही. तिथली अन्नसाखळी पडलेल्या पानांवरच उभी असते. सगळ्याच जाती पाला खाणाऱ्या नाहीत. काही पक्क्या शिकारी आहेत, त्या मेफ्लाय या दुसऱ्या जलकीटकांची पिल्लं पकडून खातात. आणि दोघांनाही ट्राउट मासे खातात. पाच सेंटिमीटरपर्यंत वाढणारा सॅमनफ्लाय नावाचा स्टोनफ्लाय तीन-चार वर्षं पाण्यात काढून उन्हाळ्याच्या तोंडाला बाहेर पडतो, तेव्हा ट्राउटची चंगळ असते. काठावरच्या खडकांना रिकाम्या काती चिकटून राहतात.

बाहेर आल्यावरचं आयुष्य बहुधा काही दिवसांचं किंवा आठवड्यांचं. अनेक जातींचा नर फांदीवर पोट आपटून ठेका धरतो. तो कंप लाकडातून पसरतो आणि त्याच जातीची मादी आपल्या ठेक्यानं उत्तर देते. प्रत्येक जातीचा ठेका वेगळा.

या किड्यांचं घर दिसणाऱ्या पात्रापुरतंच नसतं, हे कळलं मोंटानातल्याच फ्लॅटहेड नदीकाठी. नदीपासून सुमारे दोन किलोमीटर दूरच्या विहिरींत स्टोनफ्लायची पिल्लं सापडली. जॅक स्टॅनफर्ड आणि जेम्स वॉर्ड या संशोधकांनी १९८८ मध्ये ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत हे मांडलं. गोटे-वाळूच्या थरांतून नदी जमिनीखालीही वाहते आणि तिथे अंधारात ही पिल्लं वाढतात. मला या सगळ्या अभ्यासातला हा शोध सर्वांत मोलाचा वाटतो, कारण नदीची हद्द कुठे संपते हा प्रश्नच त्यानं बदलून टाकला.

सांडपाणी मिसळलं की ते कुजवणारे जीवाणू प्राणवायू संपवतात आणि सर्वांत आधी नाहीसे होणाऱ्यांत स्टोनफ्लाय असतात. म्हणून पाण्याच्या जैविक तपासणीत त्यांना वरचे गुण मिळतात. आपल्याकडे स्टोनफ्लायचं मुख्य वैविध्य हिमालयात. पश्चिम घाटात मात्र उबदार पाणी सोसणारी निओपेर्ला ही प्रजाती आढळते. स्टोनफ्लायची ओळख सोपी आहे: पिल्लाला दोन शेपट्या आणि प्रत्येक पायाला दोन नख्या. मेफ्लायला शेपट्या बहुधा तीन, नखी एकच.

खरी अडचण ओढ्यांच्या वरच्या टोकाला राहणाऱ्यांची आहे. लेडनिया टुमाना ही इवलीशी जात मोंटानातल्या ग्लेशियर नॅशनल पार्कात आणि आसपासच्या डोंगरांत, हिमनद्या आणि साचलेल्या बर्फातून निघणाऱ्या ओहोळांच्या उगमापाशी राहते. १८५० च्या सुमारास या भागात दीडशेच्या आसपास हिमनद्या होत्या; २०१५ पर्यंत आकाराच्या निकषात बसणाऱ्या २६ उरल्या. नोव्हेंबर २०१९ मध्ये लेडनिया आणि झपाडा ग्लेसियर या स्टोनफ्लायच्या दोन जातींना अमेरिकी कायद्यानं संकटग्रस्त म्हणून संरक्षण मिळालं. पाणी तापलं की खालच्या ओढ्यांतले कीटक वर सरकू शकतात. शिखराजवळच्यांनी आणखी वर जायचं कुठे?

प्रयोगशाळेत पाणी हळूहळू तापवलं, तेव्हा लेडनियाच्या पिल्लांनी अपेक्षेपेक्षा बरंच जास्त तापमान सोसलं. ही दिलाशाची गोष्ट आहे, पण थोडा वेळ तग धरणं वेगळं आणि त्या पाण्यात वाढून पुढची पिढी जन्माला घालणं वेगळं. आता संशोधकांचं लक्ष दगडांच्या ढिगाऱ्याखाली दडलेल्या बर्फाकडे वळलं आहे. वरच्या दगडांमुळे तो बर्फ उघड्या हिमनदीपेक्षा सावकाश वितळतो आणि त्यातून पाझरणारे झरे भर ऑगस्टमध्येही गारठलेले असतात. अशा झऱ्यांत कोणत्या जाती राहतात आणि पाणी किती थंड टिकतं, हे पाहण्यासाठी संशोधक तिथे तापमान नोंदणारी छोटी यंत्रं ठेवतात, दगड उलटून पिल्लं मोजतात.