पोरगी गप्प का झाली?

दिवस मावळला. आई शेतावरून घरी आली. चूल पेटली, भाकऱ्या झाल्या. पण नववीतली मुलगी जेवायला उठेना. "मला भूक नाही," म्हणाली. हातातला मोबाईल तिने उशाखाली सरकवला आणि भिंतीकडे तोंड केले. असे तीन दिवस झाले. आईला वाटले, परीक्षेची काळजी असेल. शेजारीण म्हणाली, "अगं, दृष्ट लागली असेल पोरीला."

दोघींचाही अंदाज चुकला होता. मग झाले होते तरी काय? ही गोष्ट कोणा एका घरातली नाही. आज ती कोणत्याही घरात घडू शकते. म्हणून नीट समजून घेऊ या.

मुलीला मोबाईलवर एक मैत्रीण मिळाली होती. फोटोत चेहरा गोड. रोज गप्पा चालायच्या. महिन्याभराने मैत्रिणीने एक खासगी फोटो मागितला. मुलीने विश्वासाने पाठवला. दुसऱ्याच दिवशी निरोप आला, "पैसे पाठव. नाहीतर हा फोटो तुझ्या वर्गातल्या सगळ्यांना दाखवीन." पलीकडे मैत्रीण नव्हतीच. भामटा होता.

मुलीने हे आईला का सांगितले नाही बरे? तिला भामट्यापेक्षा घरच्यांचीच भीती जास्त वाटली. बाबा मारतील, शाळा बंद करतील, लग्न उरकून टाकतील, असे तिच्या मनात आले. भामट्याला हेच हवे असते. मूल घरात बोलत नाही, यावर तर त्याचा धंदा चालतो. मुलगेही अशा जाळ्यात सापडतात. ते तर आणखीच गप्प बसतात.

कोणी म्हणेल, "मग मोबाईलच काढून घ्या की!" पण शाळेचे निरोप त्यावर येतात. अभ्यासही त्यावर होतो. घरी मिळाला नाही, तर मूल मित्राच्या मोबाईलवर पाहील. मूल पडेल म्हणून आपण विहीर बुजवतो का? आपण कठडा बांधतो आणि मुलाला पोहायला शिकवतो. इथेही तसेच करावे.

पहिला कठडा ओळखीचा. इन्स्टाग्रामवर १३ वर्षांखालील मुलांनी खाते उघडू नये, असा त्या कंपनीचाच नियम आहे. मोठ्या मुलांचे खाते 'प्रायव्हेट' ठेवावे. म्हणजे परवानगी दिल्याशिवाय परक्याला त्यांचे फोटो दिसत नाहीत. तुम्हांला हे जमत नसेल, तर मुलालाच म्हणा, "मला जरा शिकव बघू." मूल शिकवील आणि शिकवता शिकवता बोलेलही.

दुसरा कठडा वेळेचा. रील पाहायला घेतली की संपत नाही. का संपत नाही? तुमचे मूल कोणत्या चित्रावर किती वेळ थांबले, याची नोंद ते यंत्र ठेवते आणि पुढे तसलीच चित्रे दाखवते. मूल जितके जास्त पाहील, तितक्या जाहिराती जास्त दिसतात आणि कंपनीला पैसा मिळतो. मुलाची झोप मात्र जाते. १३ ते १८ वर्षांच्या मुलांना रोज ८ ते १० तास झोप लागते. ती मिळाली नाही, तर चिडचिड होते, अभ्यासात लक्ष लागत नाही. त्यात दुसऱ्यांचे नटलेले फोटो पाहून "आपणच कुरूप, आपलीच परिस्थिती वाईट" असे वाटू लागते.

सांगली जिल्ह्यात मोहित्यांचे वडगाव नावाचे गाव आहे. तिथल्या लोकांनी २०२२ सालच्या ऑगस्टमध्ये एक रीत सुरू केली. संध्याकाळी ७ वाजता भोंगा वाजायचा. मग दीड तास घरोघरी टीव्ही आणि मोबाईल बंद. मुलांनी अभ्यास करायचा, मोठ्यांनी वाचायचे, बोलायचे. यातली खुबी लक्षात घ्या. बंदी फक्त मुलांना नव्हती, मोठ्यांनाही होती. आपल्या घरी भोंगा नसेना का! जेवताना सगळ्यांचे मोबाईल फळीवर ठेवावे. रात्रीही तिथेच राहू द्यावे.

आता भामट्याने गाठलेच, तर काय करावे? पैसे देऊ नयेत. एकदा दिले की तो पुन्हा मागतो. त्याचे निरोप पुसून टाकू नयेत. तोच पुरावा असतो. त्याच्या खात्याचे नाव आणि नंबर लिहून ठेवावे. मग त्याला ब्लॉक करावे. तो फोटो कोणालाही पुढे पाठवू नये. १९३० या नंबरावर किंवा पोलीस ठाण्यात तक्रार करावी. मूल १८ वर्षांखालील असेल, तर १०९८ वरही मदत मिळते. गुन्हा धमकी देणाऱ्याचा आहे, मुलाचा नाही. आजकाल साध्या फोटोवरूनही खोटे, घाणेरडे चित्र बनवता येते. म्हणून आधी मुलाचे ऐकावे, मग बोलावे.

मूल जेवत नाही, झोपत नाही, एकटे बसते, मोबाईल वाजला की दचकते, ही खूण ओळखा. "जगून काय करू?" असे म्हणाले, तर हसण्यावारी नेऊ नका. "जीव द्यावासा वाटतो का रे?" असे शांतपणे विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट मन मोकळे होते. त्याला एकटे सोडू नका. १४४१६ हा सरकारचा टेलिमानस नंबर आहे. तिथे रात्री-अपरात्री, फुकट, मराठीतही बोलता येते.

त्या आईने काय केले? चौथ्या रात्री ती मुलीच्या अंथरुणाशेजारी बसली. "काय झालं गं? मी मारणार नाही, ओरडणार नाही."

"खरंच ना, आई?"

"खरंच."

मुलगी रडली आणि सगळे बोलली. दुसऱ्या दिवशी मायलेकी पोलीस ठाण्यात गेल्या. त्या रात्री मुलगी पोटभर जेवली.

आता तुम्हांला लिहिता येते. खडू घ्या आणि भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहा: १४४१६, १९३०, १०९८. मुलाने विचारले, "हे कशाला?" तर त्याला जवळ बसवून सांगा.