पुरवून वापरायचा वेग

माझ्या भाच्याचे सोलापुरात दुचाकी दुरुस्तीचे गॅरेज आहे. गॅरेज म्हणजे पत्र्याची एक शेड, बाहेर कडुलिंबाखाली उभ्या केलेल्या आठ-दहा गाड्या आणि दिवसभर पान्यांचा आवाज. परवा मी तिथे चहाला थांबलो होतो. भाचा म्हणाला, "मामू, बर्लिनची शर्यत येतेय. त्या शनिवार-रविवारी दुकान लवकर बंद करणार. तुम्ही घरी या, दोघं मिळून बघू."

ही शर्यत विजेवर चालणाऱ्या मोटारींची. तिला फॉर्म्युला ई म्हणतात. ज्या मुलाचे पोट पेट्रोलच्या इंजिनावर चालते त्याला या शर्यतीचे एवढे वेड का, असे तुम्हाला वाटेल. मलाही वाटले होते. मग एकदा त्याच्या शेडमध्ये एक गिऱ्हाईक विजेची स्कूटर घेऊन आले. भाच्याने झाकण उघडले. आत कार्बोरेटर नाही, प्लग नाही, पिस्टन नाही, ऑईल बदलायचा प्रश्नच नाही. तो माझ्याकडे बघून हसला आणि आमच्या घरच्या बोलीत म्हणाला, "मामू, इसमें खोलने का क्या है?"

ते हसू मला बरे वाटले नाही, कारण तसले हसू मी आधी पाहिले होते. माझे वडील सोलापुरातल्या एका कापड गिरणीत साचेवाले होते. गिरणी बंद पडली, भोंगा थांबला, तरी पुढे कित्येक महिने अब्बा पहाटे त्याच वेळेला उठून बसायचे. आणि कुणी विचारले की असेच हसायचे. त्यामुळे विजेच्या गाडीला आवाज नाही याचे लोक कौतुक करतात, तेव्हा मला त्या शांततेची थोडी धास्ती वाटते.

मी कविता लिहिणारा माणूस. बी.ए. मराठी घेऊन झालो, विज्ञान दहावीलाच सुटले. पण भाच्याची भीती समजून घ्यायची तर त्याची शर्यत समजून घ्यायला हवी, म्हणून त्याच्याबरोबर बघू लागलो. जे उमगले ते साध्या शब्दांत सांगतो, म्हणजे बर्लिनची शर्यत लागेल तेव्हा तुम्हालाही तिच्यात रस वाटेल.

या स्पर्धेची पहिली शर्यत १३ सप्टेंबर २०१४ रोजी बीजिंगला झाली. त्या पहिल्या हंगामापासून मुंबईच्या महिंद्र उद्योगसमूहाचा संघ तिच्यात आहे आणि पहिल्या वर्षी आपला करुण चंडोक त्यांची गाडी चालवत होता. तेव्हाची बॅटरी पूर्ण शर्यत टिकत नसे. निम्मी शर्यत झाली की चालक गाडी आत आणायचा, पट्टे सोडून उडी मारायचा आणि शेजारी उभ्या असलेल्या दुसऱ्या, भरलेल्या गाडीत जाऊन बसायचा. घोडे बदलत जाणाऱ्या जुन्या डाकेसारखा हा प्रकार होता. लोक हसत. पण २०१८ च्या अखेरीस नवी गाडी आली आणि एकच बॅटरी शेवटपर्यंत पुरू लागली. चार-पाच वर्षांत एवढी मजल मारली गेली. भाचा हे सांगतो तेव्हा त्याच्या आवाजात कौतुक असते आणि काळजीही असते.

आता बर्लिनकडे येऊ. तिथली शर्यत टेंपलहॉफ या जुन्या विमानतळावर होत आली आहे. २००८ साली हा विमानतळ बंद झाला. किलोमीटरहून लांब, धनुष्यासारखी वाकलेली त्याची इमारत मात्र उभी आहे. तिच्यापुढे जिथे पूर्वी विमाने उभी राहत, त्या काँक्रीटच्या अंगणात शर्यतीची वाट आखतात. हे काँक्रीट खरबरीत आहे, टायर खाणारे आहे.

या जागेचा इतिहासही ऐकण्यासारखा आहे. जून १९४८ मध्ये सोव्हिएत फौजांनी पश्चिम बर्लिनचे जमिनीवरचे आणि पाण्यावरचे रस्ते अडवले. मग अमेरिका आणि ब्रिटन यांनी वर्षभराहून जास्त काळ विमानांनी शहराला जगवले. टेंपलहॉफ हे त्या विमानांचे एक मुख्य ठिकाण होते. सगळी मिळून तेवीस लाख टनांच्या वर सामग्री उतरवली गेली आणि तिच्यातला सुमारे दोन तृतीयांश भाग कशाचा होता? धान्याचा नव्हे, कोळशाचा. शहराला अन्नाइतकीच ऊब आणि वीज हवी होती. जिथे कोळशाचे पोते न् पोते मोजून उतरवले, तिथे आज चालक विजेचा कण न् कण मोजून गाडी पळवतात. मला तरी हा योग मोठा वाटतो.

शर्यतीच्या दिवशी आधी पात्रता फेरी असते. तिची रीत आपल्या कुस्तीच्या मैदानासारखी आहे. चालकांचे दोन गट पाडतात आणि प्रत्येक गटातले सर्वांत वेगवान चार निवडतात. मग त्या आठ जणांच्या जोड्या लागतात. हरला तो बाहेर, जिंकला तो पुढच्या जोडीत. शेवटी जो उरेल तो सर्वांत पुढून सुरुवात करतो. बर्लिनला बहुतेक वेळा शनिवारी एक आणि रविवारी एक अशा दोन शर्यती असतात, म्हणजे हे सगळे दोनदा.

आता खरा मुद्दा. २०२३ पासून आलेली तिसऱ्या पिढीची गाडी ताशी ३२० किलोमीटरपर्यंत पळू शकते. मात्र शर्यतीसाठी तिला मोजूनच वीज मिळते, साधारण ४० युनिटच्या आसपास. युनिट म्हणजे आपल्या वीजबिलावर असते तेच. महिन्याला शंभर युनिट लागणाऱ्या घराची ही बारा दिवसांची वीज. ती पाऊण तासाच्या आसपास पुरवायची. सगळ्या फेऱ्या पूर्ण जोराने मारल्या तर वीज आधीच संपेल, म्हणून प्रत्येकाला पुरवून वापरावी लागते. वेग सगळ्यांकडे आहे, खर्च कसा करायचा हा प्रश्न आहे.

काही वीज गाडी स्वतःच कमावते. आमच्या लहानपणी सायकलला डायनॅमो असायचा. तो चाकाला टेकवला की दिवा लागायचा आणि पायडल जड व्हायचे. म्हणजे चाकाचा वेग खाऊन दिव्याला वीज मिळायची. इथे तेच मोठ्या प्रमाणावर होते. वळण आले की मोटर उलटे काम करते, गाडीचा वेग खाते आणि वीज बॅटरीत परत टाकते. मागच्या चाकांचा वेग उतरवण्याचे रोजचे काम ती मोटरच करते. शर्यतीत वापरल्या जाणाऱ्या विजेपैकी ४० टक्क्यांहून जास्त वीज अशी परत मिळवलेली असते, असे ही गाडी आणणाऱ्यांनी सांगितले आहे. जी गोष्ट आपण ब्रेकच्या उष्णतेत फुकट घालवतो, ती इथे शिल्लक म्हणून जमा होते.

दुसरी बचत वाऱ्याची. ट्रकच्या मागे सायकल ठेवली की समोरचा वारा लागत नाही, हा धोकादायक उद्योग आपल्यापैकी काहींनी केला असेल. शर्यतीतही पुढची गाडी वारा फोडते आणि मागच्या गाडीची वीज वाचते. त्यामुळे टेंपलहॉफसारख्या मोकळ्या वाटेवर गंमत होते. पहिला नंबर सुरुवातीला कुणालाच नको असतो. "तू हो पुढे" असा संकोच चाललेला असतो. आणखी एक नियम आहे. वाटेच्या कडेला आखलेल्या पट्ट्यावरून गाडी नेली तर काही मिनिटे जादा शक्ती मिळते, पण तिथे जाताना वेळ जातो आणि जागा गमवावी लागते. हे कधी करायचे ते चालकाने ठरवायचे. फेब्रुवारी २०२५ मध्ये जेद्दाहला आणखी एक गोष्ट सुरू झाली. ठरावीक शर्यतींत मध्येच गाडी आत आणून अर्ध्या मिनिटात सुमारे चार युनिट वीज भरायची.

हिशेब चुकला की काय होते ते २४ एप्रिल २०२१ रोजी स्पेनमधल्या व्हॅलेन्सियाला दिसले. पावसात अपघात होत होते, सुरक्षा गाडी पुनःपुन्हा येत होती आणि नियमाप्रमाणे तेवढ्या वेळाची वीज सगळ्यांच्या खात्यातून कापली जात होती. तेव्हा शर्यत घड्याळावर चाले. वेळ संपायला काही सेकंद उरले असतानाच आघाडीवरच्या दा कोस्ताने रेषा ओलांडली आणि त्यामुळे एक फेरी जास्त पडली. त्या एका फेरीपुरती वीज बहुतेकांकडे नव्हती. गाड्या एकेक करून मंदावल्या. दा कोस्ता पहिल्यावरून सातवा झाला. ज्याने शिल्लक राखली होती तो नीक डी व्रीस जिंकला.

याच्या उलटे मी डोळ्यांनी पाहिले. ११ फेब्रुवारी २०२३ रोजी ही शर्यत भारतात पहिल्यांदा हैदराबादला झाली. सोलापूरहून हुसेनसागर एक्सप्रेस पकडून आम्ही मामा-भाचे हुसेनसागर तलावाच्या काठी जाऊन बसलो. शेवटच्या फेऱ्यांत ज्याँ-एरिक व्हर्न पुढे होता. त्याच्याकडे वीज कमी होती, मागच्या निक कॅसिडीकडे जास्त. अर्ध्या सेकंदाहूनही कमी अंतराने व्हर्न जिंकला. भाचा उभा राहून ओरडत होता, पण टाळ्या संपल्यावर त्याचे लक्ष चालकाकडे नव्हते. तो मोठ्या पडद्यावर गाड्यांभोवती धावणारी माणसे बघत होता. हैदराबादची २०२४ ची शर्यत रद्द झाली. पण त्या दिवशी त्याने जे पाहिले ते त्याच्या डोक्यातून गेले नाही.

त्याला टेंपलहॉफचे वेड लागले तेही अशाच माणसांमुळे. जून २०१७ मध्ये याच ठिकाणी फेलिक्स रोझेनक्विस्टने महिंद्रला स्पर्धेतला पहिला विजय मिळवून दिला, तो शनिवारी. रविवारीही तोच पहिला आला होता, पण गाडी बदलताना ती सहकाऱ्याच्या वाटेत धोकादायकरीत्या सोडली गेली म्हणून दहा सेकंदांचा दंड झाला आणि विजय हातातून गेला. भाचा ही गोष्ट गिऱ्हाइकांना रंगवून सांगतो. "बघा, गाडी विजेची असो नाही तर पेट्रोलची, शर्यत हातांवरच ठरते."

हे त्याचे म्हणणे मला पटते, अर्धे. हात लागतात, पण तेच हात तसेच चालत नाहीत. इथे गाडीला स्पर्श करण्याआधी ती विजेच्या दृष्टीने सुरक्षित आहे ना, हे दिव्यावरून पाहतात. हातमोजे वेगळे, हत्यारे वेगळी, शिक्षण वेगळे. अब्बांच्या वेळी त्यांना असे काही शिकायला कुणी सांगितले नव्हते, शिकवायलाही कुणी नव्हते. एका सकाळी फाटकाला कुलूप दिसले, एवढेच.

भाच्याचा आताचा प्रश्न असा आहे. शेजारचा गाळा रिकामा होतोय. साठवलेले पैसे घालून तो घ्यायचा आणि पूर्ण विजेच्या गाड्यांचे काम सुरू करायचे, की आहे ते चालवत राहायचे? माझी बहीण घाबरली आहे. तो मला म्हणतो, "मामू, तुम्ही सांगा."

मी कोण सांगणार? पण ही शर्यत बघून एक गोष्ट त्याच्याशी बोललो. सगळी वीज पहिल्या फेऱ्यांत जाळणारा हरतो, आणि मागे राहून नुसती वाचवत बसणाराही जिंकत नाही. निम्मी शेड पेट्रोलला राहू दे. एका कोपऱ्यात विजेच्या गाडीचे काम सुरू कर, आधी शिकून घे, हातमोजे आण, मग गाळ्याचे बघू. त्याने लगेच होकार दिला नाही. म्हणाला, "बर्लिन बघून ठरवू."

पुढची गाडी तर आणखी पुढे गेली आहे. २०२६-२७ च्या हंगामासाठीची चौथ्या पिढीची गाडी नोव्हेंबर २०२५ मध्ये दाखवली गेली आणि तिची शक्ती ६०० किलोवॅटपर्यंत आहे. आकडे बदलत राहतील, हिशेब बदलणार नाही.

तेव्हा तुम्हीही शर्यत लावाल तेव्हा पुढे कोण आहे एवढेच बघू नका. पडद्यावर नावांशेजारी शिल्लक विजेची टक्केवारी येते, ती बघा. आमच्या घरी भाचा जॉबकार्डाच्या पाठकोऱ्या बाजूला पेन्सिलीने ते आकडे उतरवत बसलेला असेल आणि मी त्याच्या चेहऱ्याकडे बघत असेन.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)