‘दॅट’ कोणत्या क्रियापदांना मानवते?

आपल्या मराठीत ‘की’ या एकाक्षरी अव्ययाचा अंमल फार विस्तृत आहे. एखादी हकीकत निवेदन करावयाची असो, प्रश्न विचारावयाचा असो, हुकूम फर्मावावयाचा असो अथवा अंतःकरणातील इच्छा प्रकट करावयाची असो, प्रधान क्रियापदानंतर ‘की’ आले म्हणजे पुढील वाक्य कोणत्याही स्वरूपाचे असले तरी त्याच्या आश्रयाने निर्धास्तपणे उभे राहते. ‘तो म्हणाला की मी उद्या येतो’, ‘तिने विचारले की गाडी किती वाजता सुटते’, ‘वडिलांची इच्छा आहे की मी वकील व्हावे’ ही तिन्ही वाक्ये मराठी कानाला सारखीच स्वाभाविक वाटतात. इंग्रजीतील ‘दॅट’ हे याच ‘की’चे समानार्थी अव्यय म्हणून आपल्याला शाळेत शिकविले जाते आणि तेथूनच एका चिवट गैरसमजुतीला प्रारंभ होतो, कारण असा सरसकट अंमल इंग्रजी भाषेने ‘दॅट’ला कधीच बहाल केलेला नाही. ‘दॅट’ने आरंभ होणारे नामवाक्य कर्म म्हणून स्वीकारावयाचे की नाही, आणि स्वीकारावयाचे तर कोणत्या अटींवर, याचा अखत्यार त्या भाषेत प्रत्येक क्रियापदाकडे स्वतंत्रपणे असतो.

हे ‘दॅट’ मूळचे दर्शक सर्वनाम. ‘ते’ असे बोट दाखवून पुढे येणारी गोष्ट सुचवावयाची, या उपयोगातूनच त्याला उभयान्वयी अव्ययाचे कार्य प्राप्त झाले, आणि हा पालट हजार वर्षांहून अधिक जुन्या प्राचीन इंग्रजीतच स्थिरावलेला दिसतो. आपणही ‘तो आजारी आहे असे ती म्हणाली’ या वाक्यात ‘असे’ या दर्शक शब्दावरच तो भार टाकतो. फरक इतकाच, की आपले ‘असे’ गौण वाक्याच्या मागून येते आणि इंग्रजीचे ‘दॅट’ त्याच्या अग्रभागी उभे असते.

बोलणे, जाणणे आणि मानणे या व्यापारांची बहुतेक इंग्रजी क्रियापदे ‘दॅट’चा स्वीकार खुशीने करतात. ‘से’, ‘थिंक’, ‘नो’, ‘बिलीव्ह’, ‘होप’, ‘रिमेम्बर’, ‘रिअलाइझ’ ही त्यांतील नित्य परिचयाची. परंतु या समुदायातही एक सूक्ष्म भेद आहे, आणि पॉल व कॅरोल किपार्स्की या भाषाशास्त्रज्ञांनी 1970 साली प्रसिद्ध केलेल्या एका निबंधात त्याचे मार्मिक विवेचन केले आहे. ‘गाडी सुटली हे त्याला ठाऊक नव्हते’ या अर्थाचे वाक्य ‘नो’ हे क्रियापद योजून लिहिले, तर त्याच्या अज्ञानाचा निर्वाळा देतानाच गाडी खरोखर सुटली होती हेही लेखक गृहीत धरतो. उलट ‘थिंक’ अथवा ‘बिलीव्ह’ योजले, तर गाडी सुटल्याच्या खरेखोटेपणाची कोणतीही जबाबदारी तो पत्करीत नाही. साक्षीपुरावा लिहिणाऱ्याने आणि बातमी देणाऱ्याने या दोन प्रकारांतील अंतर नित्य ध्यानात वागविले पाहिजे.

खरी अडचण उद्भवते ती ऐकणाऱ्याच्या बाबतीत. ‘टेल’, ‘इन्फॉर्म’, ‘रिमाइंड’, ‘कन्व्हिन्स’, ‘अशुअर’ या क्रियापदांना सामान्यतः ऐकणाऱ्याचा उल्लेख आधी लागतो आणि मागाहून ‘दॅट’ चालते, जसे, ‘शी टोल्ड मी दॅट द ऑफिस वॉज क्लोज्ड’. ‘से’, ‘एक्स्प्लेन’, ‘सजेस्ट’, ‘अनाउन्स’, ‘मेन्शन’ यांची रीत याहून वेगळी; तेथे ऐकणाऱ्याचा उल्लेख केलाच तर ‘टु’ या अव्ययाच्या मध्यस्थीने करावा लागतो, जसे, ‘ही एक्स्प्लेन्ड टु मी दॅट द रूल हॅड चेंज्ड’. मराठीत ‘मला सांगितले’, ‘मला समजावून दिले’, ‘मला सुचविले’ या सर्व ठिकाणी एकच ‘मला’ निभावून जात असल्यामुळे चांगल्या सुशिक्षित माणसाच्या लेखणीतूनही ‘ही एक्स्प्लेन्ड मी दॅट’ असे अशुद्ध वाक्य सहज उतरते.

प्रश्नाच्या बाबतीतही हेच घडते. ‘शी आस्क्ड मी दॅट व्हेअर आर यू गोइंग’ हे वाक्य आपल्याकडे वारंवार कानी पडते. परंतु इंग्रजीत प्रश्नवाचक शब्द स्वतःच दोन वाक्यांना जोडण्यास समर्थ असल्याने तेथे ‘दॅट’ला जागाच उरत नाही, आणि शुद्ध वाक्य ‘शी आस्क्ड मी व्हेअर आय वॉज गोइंग’ असे होते. ‘वॉन्ट’ हे क्रियापद तर प्रमाण इंग्रजीत ‘दॅट’ला थारा देत नाही, मी वकील व्हावे ही वडिलांची इच्छा ‘माय फादर वॉन्ट्स मी टु बी अ लॉयर’ अशीच मांडावी लागते. त्याच्याच कुळातील ‘होप’ आणि ‘विश’ मात्र ‘दॅट’ आनंदाने स्वीकारतात. अर्थसादृश्यावरून रचना ताडण्याचा प्रयत्न किती फसवा असतो, हे यावरून स्पष्ट व्हावे.

आता ‘इन्सिस्ट’ या एका क्रियापदाकडे किंचित निरखून पाहू. ‘ही इन्सिस्ट्स दॅट हिज सन इज प्रेझेंट’ याचा अर्थ, मुलगा हजर आहे असे तो ठासून सांगतो. आणि ‘ही इन्सिस्ट्स दॅट हिज सन बी प्रेझेंट’ याचा अर्थ, मुलाने हजर राहिलेच पाहिजे असा त्याचा आग्रह आहे. ‘इज’च्या जागी मूळ धातू ‘बी’ आला आणि प्रतिपादनाचे आज्ञेत रूपांतर झाले. ‘सजेस्ट’, ‘डिमांड’, ‘रेकमेंड’, ‘प्रपोज’ यांच्यामागून सूचना, मागणी, शिफारस अथवा तजवीज व्यक्त होते तेव्हा हीच विध्यर्थी रचना येते, आणि विनंतीच्या अर्थाने योजलेले ‘आस्क’देखील याच नियमाने ‘दॅट’ घेऊ शकते. अमेरिकेत हा प्रघात विशेष दृढ आहे. इंग्लंडात पुष्कळदा ‘शुड’ घालून तेच कार्य साधले जाते. ठराव, अर्ज आणि करारनामे लिहिणाऱ्यांना ही रचना अवगत नसेल, तर आज्ञेच्या जागी केवळ माहिती नोंदविली जाण्याचा धोका संभवतो.

बोलताना ‘दॅट’ गाळण्याची मुभा ‘से’, ‘थिंक’, ‘नो’, ‘होप’ यांसारख्या नित्य वापरातील क्रियापदांनंतर पूर्णपणे असते. परंतु ही मुभा लेखनात विवेकाने घ्यावी लागते. ‘द मिनिस्टर सेड ऑन मंडे द टॅक्स वुड बी रिड्यूस्ड’ या वाक्यात सोमवार हा घोषणेचा दिवस की कर कमी होण्याचा, हे वाचकाला कळत नाही. ‘ऑन मंडे’च्या मागे ‘दॅट’ ठेवले तर घोषणा सोमवारी झाली असे ठरते, आणि त्याच्या आधी ठेवले तर करकपात सोमवारी व्हावयाची असे ठरते. दक्ष संपादक असे ‘दॅट’ गाळू देत नाही, ते याच कारणास्तव.

क्रियापदांचे हे स्वभाववैचित्र्य कोशात पद्धतशीरपणे नोंदले पाहिजे, ही दृष्टी ज्यांनी दिली त्यांत हॅरल्ड पामर आणि अल्बर्ट सिडनी हॉर्नबी या दोन इंग्रज अध्यापकांचे स्थान फार वरचे आहे. दोघांनीही जपानात काम केले. हॉर्नबी 1924 मध्ये तेथे गेले आणि परक्या भाषेचा विद्यार्थी एका क्रियापदाच्या नमुन्यावर दुसरे कसे बेततो, हे त्यांनी जवळून पाहिले. ‘आय वॉन्ट यू टु कम’ हे शिकलेला विद्यार्थी त्याच धर्तीवर ‘आय सजेस्ट यू टु कम’ म्हणतो. त्याचे तर्कशास्त्र निर्दोष असते, परंतु भाषा त्याला साथ देत नाही. या अनुभवातून हॉर्नबी यांनी आपल्या सहकाऱ्यांसह सिद्ध केलेला कोश 1942 मध्ये टोकियोत प्रसिद्ध झाला, आणि त्यात क्रियापदांच्या रचनेचे 25 नमुने ठरवून प्रत्येक क्रियापदाशी त्याला लागू असलेल्या नमुन्यांचे क्रमांक नोंदले होते. हाच ग्रंथ 1948 मध्ये ऑक्सफर्डने प्रकाशित केला आणि पुढे जगभरच्या विद्यार्थ्यांच्या हाती पोहोचला.

आपल्याकडे शब्दार्थ पाठ करण्याची परंपरा दृढ आहे आणि तिचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु क्रियापदाचा केवळ अर्थ ठाऊक असणे म्हणजे त्याचे अर्धेच ज्ञान होय. ‘एक्स्प्लेन’ म्हणजे स्पष्ट करणे, एवढे लिहून वही मिटणाऱ्या विद्यार्थ्याने त्याच ओळीत ‘टु मी दॅट’ एवढे तीन शब्द अधिक लिहिले, तर पुढील कित्येक वर्षांच्या चुका टळतील. शिक्षकांनी नवे इंग्रजी क्रियापद शिकविताना ते एका संपूर्ण वाक्यासह शिकवावे, आणि कोश उघडणाऱ्या प्रत्येकाने अर्थ सापडताच तो मिटू नये. खालची उदाहरणे वाचावी, क्रियापदामागे ‘दॅट’ येते की ‘टु’ येते हे पाहावे आणि मगच ते क्रियापद आपल्या लेखणीत घ्यावे.