भूजलाचा नमुना: नितळ म्हणजे शुद्ध नव्हे

भूजलाचा नमुना म्हणजे खडकातून वाहत येणाऱ्या पाण्याचा नमुना. बोअरमध्ये साचून राहिलेल्या पाण्याचा नव्हे. रात्रभर नळात थांबलेल्या पाण्यावरून टाकीतील पाणी कळत नाही, तसेच हे. म्हणून आधी पंप चालवून विद्युतवाहकता (विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देणारे माप) स्थिर होऊ देतात, मगच स्वच्छ बाटली भरतात.

नाशिकच्या निफाड, दिंडोरी भागांतील द्राक्षबागांच्या खतांतील नायट्रेट बेसॉल्टच्या भेगांतून खाली झिरपू शकते. त्याला रंग, वास नसतो. त्यामुळे नितळ पाणी निर्धोक असेलच असे नाही. उकळूनही नायट्रेट जात नाही. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरमागे ४५ मिलिग्रॅम आहे. प्रमाण ऋतूनुसार बदलते, म्हणून त्याच विहिरीची तपासणी पावसाळ्याआधी आणि नंतर, दरवर्षी करावी लागते.