तणनाशक सकाळी मारावं की संध्याकाळी?

कल्याण-मुरबाड पट्ट्यात भाताच्या बेणणीला माणसं मिळेनाशी झाली, तसा पाठीवरचा पंप वाढला आणि त्याबरोबर हा प्रश्नही आला. ठरलेलं उत्तर असतं, ‘सकाळी, वारा पडलेला असताना’. ते अर्धंच खरं आहे. फवारणीची वेळ घड्याळ ठरवत नाही. औषध तणाला कसं मारतं, त्यावर ती ठरते.

ग्लायफोसेट हे तणनाशक पानात शिरतं आणि तिथे तयार झालेल्या साखरेबरोबर मुळांकडे उतरतं. लव्हाळ्याच्या गड्ड्यांपर्यंत पोचायचं तर पान ताजं हवं आणि ऊन हवं. म्हणून दव सुकल्यानंतरची सकाळ त्याला मानवते. पॅराक्वाटचं गणित उलटं. हे रसायन १८८२ मध्ये प्रथम बनलं. १९३३ मध्ये जीवरसायनशास्त्रज्ञ लिओनोर मायकेलिस यांनी ते प्रयोगशाळेत रंगदर्शक म्हणून पुढे आणलं, कारण एक इलेक्ट्रॉन मिळाला की ते निळं होतं. त्याचा तणनाशक गुण कळायला १९५५ उजाडलं, आणि विलक्षण गोष्ट ही की दोन्ही गुणांमागचं रसायनशास्त्र एकच आहे! पानात प्रकाशसंश्लेषण चालू असताना ते इलेक्ट्रॉन मध्येच पळवतं आणि प्राणवायूला देतं. त्यातून निघणारे जहाल रेणू पेशींची आवरणं फाडतात. भर उन्हात पान लगेच करपतं आणि औषध तिथेच अडकतं. संध्याकाळी मारलं तर ते रात्रभर पानात पसरतं आणि दुसऱ्या दिवशीच्या उन्हात मारा करतं. मात्र पोटात गेलं तर या विषावर उतारा नाही.

वारा पडलेली पहाट तरी निर्धोक ना? हिवाळ्यात तीही नाही. निरभ्र रात्री जमिनीलगत गार हवा बसते आणि वरच्या उबदार हवेचं तिच्यावर झाकण पडतं. बारीक थेंब त्या थरात तरंगतात आणि भलतीकडे उतरतात. बांधावर मारलेल्या २,४-डी या तणनाशकाने शेजारच्या भेंडीची पानं अरुंद, वेडीवाकडी होतात. शेकोटीचा धूर वर न चढता आडवा पसरत असेल तर पंप उचलू नये. दुपारी खाडीकडून वारा सुटला तरीही थांबावं.

जुलैत उघडीप मिळते कुठे, पंपवाला येईल तेव्हाच मारावं लागतं, ही अडचण खरी आहे. पण साध्या ग्लायफोसेटला फवारणीनंतर सुमारे ६ तास कोरडे लागतात. त्याआधी सर आली तर पैसे वाया जातात, दुसरी फवारणी करावी लागते आणि धुऊन गेलेलं औषध ओहोळातून नदीला मिळतं. उल्हास नदीचं पाणी कल्याण-डोंबिवली पिते. केंद्राने २०२२ मध्ये ग्लायफोसेटची फवारणी फक्त कीडनियंत्रण चालकांनीच करावी असं बंधन घातलं. तेव्हा फवारणाऱ्याला दर विचारण्याआधी हे विचारा: औषध मुळापर्यंत उतरणारं आहे की लागेल तिथे जाळणारं? त्याला हे सांगता येत नसेल, तर त्या दिवशी फवारणी करू नका.